कढीपत्त्याची कुंडी मागेच ठेवून या : रस्त्याने कॅलिफोर्नियाला येणाऱ्या मराठी कुटुंबांना खुले पत्र

प्रति,
रस्त्याने कॅलिफोर्नियाला येणारी व येथे राहणारी सर्व मराठी कुटुंबे,
तसेच येथील महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी व कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या की टेक्सास, ॲरिझोना, इलिनॉय, न्यू जर्सी अशा राज्यांतून अनेक मराठी कुटुंबे नव्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला निघतात. घरसामान भाड्याच्या ट्रकमध्ये किंवा गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये भरलेले असते, आणि अगदी शेवटी, दार लावण्यापूर्वी, उरलेल्या कोपऱ्यात अंगणातल्या कुंड्या ठेवल्या जातात. त्यांत बहुधा एक कढीपत्त्याची असते. हे पत्र त्या कुंडीविषयी आणि राज्याच्या हद्दीवरील कृषी तपासणी नाक्याविषयी आहे. माझी विनंती सुरुवातीलाच मांडतो. कढीपत्ता, बेल, कामिनी, लिंबू, संत्रे, पपनस यांचे झाड, फांदी, कलम किंवा ताजी पाने कॅलिफोर्नियात आणू नका; त्यांच्या पालवीवरून संत्र्या-लिंबाच्या झाडांचा घातक रोग पसरवणारा किडा येऊ शकतो. आणि वनस्पती, फळ किंवा मातीच्या रूपात जे काही सोबत असेल, ते नाक्यावर विचारल्याबरोबर पूर्णपणे सांगा. मी मूळचा विदर्भातील संत्रा बागायतदाराच्या घरातला आहे आणि आज कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, संत्र्याच्या बागांच्या शेजारी राहतो. दोन्ही ठिकाणची झाडे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात जाताना सहसा कोणी अडवत नाही. त्यामुळे ब्लाइथजवळ दहा क्रमांकाच्या महामार्गावर किंवा नीडल्सजवळ चाळीस क्रमांकाच्या महामार्गावर सगळ्या गाड्या अचानक नाक्याच्या छपराखाली वळवल्या जातात, तेव्हा नवा माणूस गोंधळतो. कॅलिफोर्नियाच्या कृषी खात्याचे असे १६ नाके आहेत : ओरेगॉनच्या हद्दीवर हॉर्नब्रुक आणि स्मिथ रिव्हर, नेवाडाकडून येताना ट्रकी, मायर्स आणि लास वेगासच्या रस्त्यावरचा नाका, ॲरिझोनाकडून येताना नीडल्स, ब्लाइथ आणि विंटरहेवन, आणि मधल्या लहान रस्त्यांवरचे इतर काही. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे नाके चालू आहेत. तेथील माणूस पोलीस नसतो. तो कृषी खात्याचा निरीक्षक असतो. तुम्ही कोठून आलात आणि सोबत फळे, भाजीपाला, झाडे किंवा सरपण आहे का, एवढेच तो विचारतो. बहुतेक गाड्या मिनिटभरात पुढे जातात. ट्रेलर, घरसामानाचा ट्रक, फिरते घर किंवा ट्रेलरवर चढवलेली नाव असेल, तर ती बाजूला घेऊन उघडायला सांगितली जाण्याची शक्यता अधिक असते. थांबणे आणि सोबतच्या वनस्पती दाखवणे हे कायद्याने बंधनकारक असून त्या लपवणे हा गुन्हा आहे.

नाका म्हटले की आपल्या मनात जकात, आरटीओ, पावती आणि ‘साहेबांशी बोलून घ्या’ हे सगळे एकदम जागे होते. नाक्यावर कमीत कमी बोलावे आणि पटकन सुटावे, ही आपल्याला लहानपणापासून लागलेली सवय आहे, आणि तिला कारणेही होती. परंतु येथे निरीक्षकाला तुमच्याकडून काहीही वसूल करायचे नसते. एखादी वस्तू आत नेता येत नसेल, तर ती तेथेच नष्ट करण्यासाठी सोडून देणे किंवा राज्याबाहेर परत नेणे, असे मार्ग तो सांगतो आणि तशी नोंद करतो. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला दंडाची भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण लपवणाऱ्याची होते.

तरीही लपवले जाते, आणि वाईट हेतूने नव्हे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने ह्यूस्टनहून निघताना कढीपत्त्याचे कमरेएवढे झाड जुन्या नऊवारीत गुंडाळून मागच्या सीटखाली आडवे ठेवले होते. ते झाड आजीने बियांपासून वाढवले होते आणि आजी त्याच वर्षी गेली होती. नाक्यावर ‘काही नाही’ असे सांगून ते पुढे आले. पुढे महिन्याभराने त्यांच्या नव्या अंगणात मी ते झाड पाहिले. शेंड्याची कोवळी पालवी किंचित मुरडलेली होती. भिंगातून पाहिल्यावर पालवीच्या घडीत बदामाच्या आकाराची, पिवळसर, पिनेच्या टोकाहूनही लहान अंडी दिसली आणि त्यांच्याजवळ चपटी पिवळी पिल्ले, ज्यांच्या अंगातून पांढऱ्या मेणाचे वळलेले धागे बाहेर येत होते. एका पानाच्या शिरेवर तीन-चार मिलिमीटर लांबीचा, तपकिरी ठिपक्यांच्या पंखांचा किडा डोके खाली आणि पार्श्वभाग वर करून तिरका बसला होता. असे तिरके बसणे ही त्याची खूणच आहे. विदर्भातल्या कोणत्याही संत्रा उत्पादकाने तो क्षणात ओळखला असता, कारण बहाराच्या आधी नवती (नवी पालवी) फुटली की ज्याच्यासाठी फवारणीचे पंप बाहेर निघतात, तोच हा सिट्रस सायला. त्या कुटुंबाने स्वतःहून काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयाला कळवले, झाड काढून नष्ट केले गेले, आणि त्या दिवशी त्या घरात कोणी धड जेवले नाही. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. कुंडी घेऊन निघण्यापूर्वीच त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते, आणि आपल्यापैकी कोणीही सांगितले नव्हते.

सायला स्वतः झाडाचा जीव घेत नाही. तो कोवळ्या पानांतला रस शोषतो, पाने वाकडी करतो, आणि एकेक मादी आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालते, एवढ्यावर भागले असते तर औषध फवारून निभावले असते. परंतु हा किडा एका जिवाणूचा वाहक आहे. तो जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत वाढतो आणि त्यातून जो रोग होतो त्याला आपल्याकडे ग्रीनिंग म्हणतात. पानांवर दोन्ही बाजूंना न जुळणारे पिवळे चट्टे उमटतात, फळ एका बाजूला झुकलेले, लहान आणि कडू राहते, देठाकडे रंग येतो पण टोक हिरवेच राहते, आणि काही वर्षांत झाड वठते. लागण झालेले झाड बरे करणारा उपाय आजवर सापडलेला नाही. सर्वांत घातक गोष्ट अशी, की लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जाऊ शकतो. या काळात झाड हिरवेगार दिसते आणि शेजारच्या झाडांना रोग पुरवत राहते. कढीपत्त्याला हा रोग तसा होत नाही. सायल्याचे मात्र ते आवडते झाड आहे, आणि म्हणूनच मालकाला कधी शंका येत नाही. झाड डोलत असते, फोडणीला पाने मिळत असतात, आणि त्याच पालवीवर वाढलेले किडे कुंपणापलीकडच्या लिंबावर जाऊन बसतात. बेल आणि कामिनीवरही सायला असाच वाढतो. श्रावणात किंवा महाशिवरात्रीला लागेल म्हणून बेलाची फांदी कोणी पिशवीत घालून आणत असेल, तर ती याच यादीत येते हे कृपया ध्यानात ठेवावे.

याची किंमत फ्लोरिडाने मोजली आहे. तेथे हा सायला १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये आढळला. २००३–०४ च्या हंगामात त्या राज्यात संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२–२३ च्या हंगामात त्या १.६ कोटींच्या आसपास उरल्या. चक्रीवादळांनी आणि घरबांधणीनेही बागा गेल्या हे खरे, परंतु उत्पादनाचा कणा मोडला तो ग्रीनिंगने. हा किडा तेथे राज्यभर पसरला कसा, याचा तपास संशोधकांनी केला, तेव्हा दोन वाटा ठळकपणे पुढे आल्या. दुकानांतून विकल्या जाणाऱ्या कामिनीच्या कुंड्या ही एक, आणि संत्री रस काढण्याच्या कारखान्यांकडे नेणारे ट्रेलर ही दुसरी. बागेतून भरून निघालेल्या त्या ट्रेलरांत जिवंत सायले सापडले होते. किडा स्वतःच्या पंखांनी फार लांब जात नाही. त्याला शेकडो मैल नेतो तो ट्रेलर. म्हणूनच कॅलिफोर्नियात आज मोकळी संत्री वाहून नेणाऱ्या गाड्यांवर ताडपत्री झाकावी लागते. आपल्या सामानाच्या ट्रेलरकडे निरीक्षक बारकाईने पाहतो, त्यामागे हा अनुभव आहे.

कॅलिफोर्नियात सायला २००८ मध्ये सॅन दिएगो भागात प्रथम आढळला. त्यानंतर वर्षभरातच, २००९ मध्ये, फ्रेस्नो येथे हुंगून शोधणाऱ्या कुत्र्याने भारतातून मालकाविना आलेल्या एका पिशवीपाशी बैठक मारली. पिशवीत कढीपत्ता होता, कढीपत्त्यावर जिवंत सायले होते, आणि तपासणीत त्यांच्यात ग्रीनिंगचा जिवाणू सापडला. ती पिशवी पकडली गेली नसती तर ती संत्र्याच्या मोठ्या पट्ट्यात, फ्रेस्नो आणि तुलारी काउंट्यांच्या परिसरात उघडली गेली असती. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतील हसिएंडा हाइट्स येथे पहिले रोगट झाड मिळाले. ते कुण्या बागायतदाराचे नव्हते, तर एका घराच्या परसातले लिंबाचे झाड होते आणि त्यावर पपनसाचे कलम बांधलेले होते. तेव्हापासून दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो रोगट झाडे काढावी लागली, आणि त्यांतील बहुतेक सगळी अशीच घरांच्या परसातली होती. सायला आला असला तरी राज्यातल्या व्यापारी बागा फ्लोरिडासारख्या उद्ध्वस्त झालेल्या नाहीत. वाचवण्यासारखे पुष्कळ काही अजून येथे शिल्लक आहे, म्हणूनच हे पत्र लिहिण्यात अर्थ आहे.

फळांच्या बाबतीत ज्यांना ही सगळी काळजी अतिरेकी वाटते, त्यांना सांता क्लारा खोऱ्याची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण सनीव्हेल, क्युपर्टिनो, सॅन होजे येथे राहणाऱ्या आपल्या हजारो लोकांना ती ठाऊक नसते. १९८० मध्ये तेथे भूमध्यसागरी फळमाशी सापडली. लोकवस्तीवर औषध फवारण्यास राज्यपाल जेरी ब्राउन यांचा विरोध होता, पण माशी आवरेना आणि इतर राज्यांनी व देशांनी येथील फळे नाकारण्याची वेळ आली, तेव्हा १९८१ च्या जुलैत रात्री हेलिकॉप्टरमधून घरांवर मॅलॅथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या आमिषाची फवारणी सुरू झाली. लोक गाड्या झाकून ठेवत आणि मुलांना घरात ठेवत. १९८२ मध्ये माशी संपल्याचे जाहीर झाले. अलीकडचे उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियातील रेडलँड्सचे आहे. २०२३ मध्ये तेथे प्राच्य फळमाशीचा प्रादुर्भाव इतका वाढला, की २०२४ च्या सुरुवातीला २,००० हून अधिक घरांच्या आवारातील झाडांवरची फळे कृषी खात्याच्या माणसांनी एकूण एक उतरवून नेली. ही प्राच्य फळमाशी म्हणजे कोकणातल्या आंब्यावरची आपली नेहमीची फळमाशीच. हिच्यासाठीच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रक्षक सापळा तयार केला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागांत तो आजही झाडाझाडांना टांगलेला दिसतो. ज्या माणसाने तो सापळा रिकामा करताना तळाशी साचलेला माश्यांचा थर पाहिला आहे, त्याला परसातल्या एका पेरूचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि हापूस अमेरिकेत कसा येतो तेही आठवून पाहावे. फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने आपल्या आंब्याला हा देश वर्षानुवर्षे बंद होता. २००७ मध्ये तो उघडला तो लासलगावच्या विकिरण केंद्रात प्रत्येक पेटीला ४०० ग्रे (ग्रे हे विकिरणाचे एकक) मात्रा देण्याच्या अटीवर. आपल्या शेतकऱ्याने, पॅकहाउसमधल्या कामगाराने आणि तपासनिसाने एवढी शिस्त पाळून ही बाजारपेठ मिळवली. त्याच फळाच्या प्रेमापोटी आपण तपासणी चुकवून घरचे फळ राज्याच्या हद्दीतून नेतो, तेव्हा त्या शिस्तीचा अपमान होतो, असे मला मनापासून वाटते.

आता ट्रेलर भरण्याविषयी, कारण खरा वेळ तेथे जातो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स येथून येणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. तेथे स्पंजी मॉथ नावाच्या पतंगाचा उपद्रव आहे. १८६९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे एका हौशी माणसाच्या घरातून निसटलेल्या अळ्यांपासून तो पसरला. त्याची मादी उन्हाळ्यात अंगणातल्या खुर्च्या, मुलांची घसरगुंडी, बार्बेक्यूची शेगडी, ट्रेलरच्या चाकांवरची कमान अशा कोठल्याही पृष्ठभागावर शेकडो अंड्यांचा पुंजका घालते. तो पुंजका दीड इंचाचा, बदामी रंगाचा, मऊ लव असलेला दिसतो आणि हिवाळाभर तसाच टिकतो. बाधित भागातून बाहेरच्या वस्तू हलवण्यापूर्वी त्या तपासाव्यात, असा केंद्रीय नियम आहे. ही तपासणी घरमालकाला स्वतः करता येते, तिचा तक्ता केंद्रीय कृषी खात्याकडून मिळतो, आणि भरलेला, सही केलेला तक्ता गाडीत ठेवावा लागतो. तो ट्रेलरच्या तळाशी एखाद्या खोक्यात गेला तर उपयोग नाही. चालकाच्या हाताशी ठेवा. सामान हलवणारी कंपनी नेमली असेल, तरी तक्ता भरला आहे का, हे स्वतः विचारा.

त्याच पट्ट्यात २०१४ पासून ठिपक्यांचा लँटर्नफ्लाय नावाचा किडा पसरतो आहे. त्याची अंडी सुकलेल्या चिखलाच्या फराट्यासारखी दिसतात, म्हणून ती नजरेतून सहज सुटतात. द्राक्षवेलींवर त्याचा विशेष डोळा असल्यामुळे कॅलिफोर्नियातील नापा आणि सोनोमाचे द्राक्ष बागायतदार त्याच्या नावाने धास्तावलेले आहेत. २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून सोनोमाकडे निघालेले एक प्रचंड धातूशिल्प ट्रकी नाक्यावर थांबवले गेले. निरीक्षकांना त्यावर अंड्यांचे ११ पुंजके मिळाले. ट्रक नेवाडात परत पाठवला गेला, तेथे आणखी ३० पुंजके निघाले, शिल्प जोरदार फवाऱ्याने धुतले गेले, आणि तरीही ते सोनोमात पोहोचल्यावर आणखी ३ पुंजके सापडले. दोन राज्यांच्या प्रशिक्षित माणसांच्या नजरेतून जे सुटले, ते घाईत भरलेल्या आपल्या सायकलींच्या आणि झोपाळ्याच्या सापटीतून सुटणार नाही, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून बाहेरच्या वस्तू भरण्याआधी उन्हात उलट्या करून पाहाव्यात, घासून धुवाव्यात, ट्रेलरच्या खालच्या बाजूची माती काढावी आणि या वस्तू दाराजवळ शेवटी भराव्यात. निरीक्षकाला पाहायच्या असतील तर दार उघडून लगेच दाखवता येतात. आत ढकललेल्या असतील तर रणरणत्या वाळवंटात अर्धा संसार बाहेर काढावा लागतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी ट्रेलरमध्ये झाडू मारा. सरपण आणू नका. लाकडातले किडे लाकडाबरोबर येतात आणि कॅलिफोर्नियात सरपण सगळीकडे विकत मिळते. खाण्याच्या पेटीत घरच्या किंवा शेजाऱ्याच्या झाडाची फळे ठेवू नका. ती हद्दीपूर्वीच खाऊन संपवा. डाळी, तांदूळ, पीठे, मसाले, लोणची, पापड, शिजवलेले अन्न यांची सहसा काही अडचण येत नाही. दुकानातून घेतलेली फळे वेष्टनासह ठेवा, म्हणजे ती कोठली हे निरीक्षकाला कळते. तरीही ती सांगायचीच. ज्यांच्याकडे नाव आहे त्यांनी ती पाण्यातून काढल्यावर धुऊन, सगळे पाणी काढून, पूर्ण वाळवून आणावी. नेवाडा-ॲरिझोना हद्दीवरील लेक मीड जलाशयात २००७ च्या जानेवारीत, नावांना चिकटून पसरणारे क्वागा शिंपले सापडले आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो–सॅन ओआकीन डेल्टात सोनेरी शिंपले सापडले, तेव्हापासून ओल्या नावेला सवलत मिळत नाही, आणि मिळूही नये.

नाक्यावर रांग लागली तर कृपया चिडू नका. फेब्रुवारीच्या आसपास त्या रांगेत बदामाच्या परागीभवनासाठी देशभरातून निघालेल्या मधमाश्यांच्या पेट्यांचे ट्रक असतात. त्यांच्या फळ्यांवर मुंग्या किंवा बाहेरची माती आहे का, ते पाहावे लागते, आणि उशीर झाला तर उन्हात माश्या मरतात. त्या ट्रकचालकाचे नुकसान आपल्या वीस मिनिटांपेक्षा फार मोठे असते.

काही आक्षेप मी वारंवार ऐकतो. एक असा की एवढ्याशा कुंडीने काय होणार. फ्रेस्नोची पिशवी एवढीशीच होती. दुसरा असा की दुकानात कढीपत्ता सर्रास मिळतो, मग आमचाच का वाईट. दुकानातल्या पानांना परवाने, तपासणी आणि प्रक्रिया यांतून जावे लागते. अंगणातल्या झाडाला त्यांपैकी काहीच झालेले नसते, आणि सायला असतो तो नेमका त्याच्याच कोवळ्या शेंड्यावर. तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. नाक्यावर सगळ्याच गाड्या नीट तपासल्या जात नाहीत, कित्येकदा निरीक्षक हातानेच पुढे जाण्याची खूण करतो, मग आम्हीच का प्रामाणिक राहायचे, असे लोक विचारतात. वर्षाला कोट्यवधी गाड्या ज्या हद्दीवरून जातात, तेथे प्रत्येक ट्रेलर उघडणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. ही व्यवस्था आपल्या उत्तरावरच उभी आहे. निरीक्षकाने ‘काही झाडे?’ असे विचारल्यावर आपण जे बोलतो, तीच खरी तपासणी असते.

झाड मागे सोडण्याचे दुःख मी कमी लेखत नाही. परदेशात आपल्या माणसाच्या हाताने लावलेले झाड सोडून जाणे जड जाते. ते झाड त्याच राज्यातल्या, तुम्ही राहता त्याच भागातल्या मराठी किंवा इतर भारतीय कुटुंबाला सांभाळायला द्या; मात्र तो भाग क्वारंटाइनखाली (म्हणजे कीड-रोगामुळे झाडे हलवण्यावर निर्बंध असलेला) असेल तर झाड एका काउंटीतून दुसरीत नेतानाही नियम विचारून घ्या. तुळशीच्या कुंडीची तेवढी अडचण नाही, परंतु टेक्सासच्या अंगणातल्या मातीत लाल आग्या मुंग्या असू शकतात, म्हणून माती आणू नये. मंजिऱ्या वाळवून, बी स्वच्छ करून, पुडीत बांधून आणा आणि ती पुडीही नाक्यावर दाखवा. नव्या घरी येथल्याच मातीत ते बी रुजेल. कढीपत्ता हवा असेल तर तो तुमच्या भागातल्या परवानाधारक रोपवाटिकेतून घ्या, पावती जपून ठेवा, आणि त्याची रोपे किंवा फांद्या दुसऱ्या काउंटीतल्या मित्राला भेट म्हणून नेऊ नका. काउंटीची माणसे परसात सापळा लावण्यासाठी किंवा झाड पाहण्यासाठी आली तर त्यांना आत येऊ द्या.

महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांकडे माझी वेगळी मागणी आहे. नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी आपण शाळा, डॉक्टर, वाणसामान आणि गणपतीच्या मूर्ती यांची माहिती देतो. त्या माहितीत एक पान नाक्याचे असावे. त्यात कढीपत्ता, बेल, कामिनी, कवठ, लिंबू, पपनस ही नावे मराठीत असावीत, कारण कृषी खात्याच्या यादीतली शास्त्रीय नावे वाचून आपल्या घरातल्या कोणालाही ते झाड ओळखता येत नाही, आणि नाक्यावरच्या प्रश्नातले ‘झाड’ म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतली कढीपत्त्याची कुंडीसुद्धा, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ते पान मी लिहून द्यायला तयार आहे. काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयातून ते तपासून घेण्याचे काम मंडळाने करावे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, जेव्हा सगळ्यांच्या घरी आंब्याची पाने आणि आंब्याचा विषय असतो, तेव्हा एखाद्या कीटकशास्त्रज्ञाला बोलावून सायला भिंगाखाली प्रत्यक्ष दाखवावा. आपल्यातल्या नागपूर, अमरावती, वर्धा या भागांतून आलेल्या लोकांनी तेथे पुढे होऊन बोलावे, कारण हा किडा त्यांच्या ओळखीचा आहे आणि इतरांना ते त्यांच्याच भाषेत समजावू शकतात. येत्या मे महिन्यापूर्वी हे पान सर्व मंडळांच्या सभासदांपर्यंत पोहोचले, तर या उन्हाळ्यात निघणाऱ्या ट्रेलरांमध्ये त्या कुंड्या चढणारच नाहीत.

आपला नम्र,
मध्य खोऱ्यातील एक मराठी रहिवासी